डिकीवरचे दोन हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकदा मित्रांत बसलो होतो, दोन घोट जास्त झाले होते, तेव्हा वाटलं की आता निघतंय तोंडातून — पण तेव्हाही मी क्रिकेटवरच बोलत राहिलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असा माझा अंदाज होता. चुकला. पहिलं वाक्य लिहून मी दोनदा चहाला उठलोय.

गोष्ट एका स्पॉयलरची आहे. स्पोर्ट्स कारच्या मागं, डिकीवर, तो पंख लावतात ना — तोच. गाडी लई जोरात पळायला लागली की वाऱ्यानं तिला खाली दाबून धरायचं, एवढंच त्याचं काम. आता आमच्या जालना रोडवर गाडी कुठं तेवढी पळणार? सिग्नल, रिक्षा, मधेच घुसणारे ट्रॅक्टर. तिथं स्पॉयलर म्हणजे निव्वळ शोभा. आणि असल्या शोभेच्या वस्तू विकायचंच माझं दुकान. सीटकव्हर, काचेच्या फिल्म, हॉर्न, रंगीत दिवे. त्या वेळी शहराचं नाव औरंगाबादच होतं. पाट्या नंतर बदलल्या. माझ्या दुकानाची पाटी मात्र अजून तीच आहे.

म्हणाल, स्पॉयलर विकण्यात कसलं आलंय पाप? हसायचं तर हसा. मीही तो हसण्यासाठीच निवडला होता. माझ्यासाठी नव्हे — भागवतसाठी.

भागवत कोण, ते आधी सांगतो. म्हणजे बघा, मी परत वळसा घालतोय. पण त्याच्याशिवाय काही कळायचं नाही.

भागवत माझा शाळेतला दोस्त. करमाडला एका बाकावर बसायचो. माझ्या वडलांचं गावात छोटंसं कापडाचं दुकान होतं. त्याच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की त्याचं सगळं बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि मेंढरांमागं निघून जायचं. भागवत काही महिने गायब. परत आला की मास्तर त्याला माझ्याकडं पाठवायचे — सुनील, याला मागचं सांग. मी सांगायचो. मायेनंच सांगायचो, खोटं कशाला बोलू. पण त्यात मला त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या वर बसायची सवय लागली. ही सवय वाईट. ती लागलीय हे माणसाला कळतच नाही, खालचा माणूस वर येईपर्यंत.

तो वर आला. कारखान्यांसाठी आमच्या भागातल्या जमिनी गेल्या, त्यात त्यांचंही माळरान गेलं. ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, त्याचा मोबदला मिळाला. आमची जमीनच नव्हती, त्यामुळं जायचाही प्रश्न नव्हता. पुष्कळांनी ते पैसे उडवले. भागवतनं नाही उडवले. माती उपसायच्या मशिनी घेतल्या, कारखान्यांच्या पायाभरणीची कामं धरली, घर बांधलं, धाकट्या भावाला शिकवलं. आणि सगळं मार्गी लागल्यावर, एकच हौस म्हणून, पुण्याहून वापरलेली एक स्पोर्ट्स कार आणली. पांढरीशुभ्र, दोन दारांची, जमिनीला पोट लावून चालणारी. गतिरोधक आला की ती तिरकी घालून, माणूस पुढं उभा करून, देवाचं नाव घेत पार करावी लागायची.

या हौसेमागचं कारण त्यानं फक्त मला सांगितलं होतं. लहानपणी मेंढरं रस्ता ओलांडत होती, तेव्हा अशीच एक गाडी येऊन थांबली. आतल्या माणसानं हॉर्न वाजवून मेंढरं उधळली, एक कोकरू चाकाखाली घेतलं आणि वर भागवतच्या वडलांना शिवी दिली. तात्यांनी हात जोडले. भागवत म्हणाला होता, तवापासून मला तसल्या गाडीत बसायचंय रं, आन् मेंढरं आली की थांबायचंय. बास, एवढंच. आता सांगा, हे ऐकून माणसाच्या पोटात कालवायला पाहिजे की नको? माझ्या पोटात जळलं. मी दुकानात बसून लोकांच्या गाड्या सजवतोय, आणि हा मेंढरामागचा पोऱ्या — असंच मनात आलं, याच शब्दांत. लिहितोय तेच जसंच्या तसं.

गाडी आली त्या दिवशी मी करमाडलाच होतो. भागवतची आई, सोजरमावशी, आधी गाडीभोवती फिरली. आत वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘यात बसायचं का निजायचं?’ सगळे हसले. मग तिनं खंडोबाचा भंडारा घेतला, तेलात कालवला, दोन्ही तळवे त्यात बुडवले आणि गाडीच्या पाठीमागं गेली. पुरोहितानं सांगितलं होतं पुढं बॉनेटवर स्वस्तिक काढा. मावशी म्हणाली, ते तुमी काढा. तिनं डिकीच्या झाकणावर, एक डावीकडं आणि एक उजवीकडं, असे दोन हात उमटवले. पाचही बोटं स्वच्छ. ती मेंढरं नेणारी बाई होती, तळवे रुंद होते. पांढऱ्या रंगावर ते पिवळे हात लांबून दिसायचे. ‘पोराच्या पाठीवर हात ठिवलाय,’ म्हणाली, ‘म्होरलं देव बघंल.’

हे हात लक्षात ठेवा. मला तर विसरता आलेले नाहीत.

चारआठ दिवसांनी भागवत दुकानात आला. दुसऱ्या दिवशी वैजापूरला त्याच्या मेहुण्याचं लग्न होतं, सासरचा सगळा गोतावळा जमणार. गाडीला मागं काहीतरी लावून दे म्हणाला. मी दोन प्रकार दाखवले. एक डिकीच्या कडेला ओठासारखी बसणारी बारीक पट्टी — नेटकी, त्या गाडीला अगदी शोभणारी. दुसरा एक काळा पंख. हातभर उंच, दोन पायांवर उभा, लग्नातल्या वाढप्यांच्या टेबलासारखा. एका पोरानं मागवला आणि नेलाच नाही; कित्येक महिने माझ्या छताला टांगलेला होता. येणारा-जाणारा म्हणायचा, सुनीलभाऊ, यावर कपडे वाळत घाला. दुसऱ्याच कुठल्या गाडीसाठी बनवलेला, त्यामुळं त्याचे पाय भागवतच्या डिकीवर नीट टेकणार नव्हते. आणि तो बोल्टनं आरपार आवळायचा असतो. त्याचे बोल्ट आणि खालच्या पट्ट्या केव्हाच हरवल्या होत्या.

भागवतचा हात पट्टीकडं गेला. ‘ही बरी वाटती,’ म्हणाला. त्याची नजर चांगली होती, तेच तर माझं दुखणं. शाळेत मागं पडलेला माणूस, आणि चांगलं-वाईट त्याला न शिकवता कळतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला सवय होती मला विचारायची, जशी मला सांगायची.

‘सुन्या, तुझी गाडी असती तर तू कंचा लावला असता?’

मी म्हणालो, मोठा.

का म्हणालो? मला वैजापूरचा तो मांडव दिसत होता. ती नाजूक पांढरी गाडी, त्यावर ते काळं टेबल, आणि शहरातून आलेले त्याच्या सासरचे पाहुणे एकमेकांना कोपरानं ढोसतायत. हसावेत लोक त्याला, असं मला वाटत होतं. एकदा. फार नाही. इतका हलका होतो मी, आणि वर असंही वाटत होतं की मित्राची थोडी गंमत करतोय.

तो म्हणाला, मग मोठाच लाव. पट्टी त्यानं परत कपाटात ठेवली, हळूच, कुणाचं मन दुखवल्यासारखी. मग विचारलं, याला डिकीला भोकं पाडावी लागतील का? इथं मला सांगता आलं असतं की हो, पाडावी लागतील, बोल्ट पुण्याहून मागवावे लागतील, लग्नाआधी होत नाही. पण मग त्यानं पट्टी घेतली असती. मी म्हणालो, नव्या गाडीला कशाला भोकं? दोन्हीकडून चिकटणारी टेप पुरते, लई तगडी असती. तो खूश झाला. आई पण म्हणली असती नको, असं म्हणाला.

आईवरून त्याला आठवलं. डिकीवरचे ते हात — पंखाचे पाय बरोबर त्यांच्यावरच येणार होते. ‘ते तेवढे पुसू नको,’ म्हणाला. ‘ती इचारील.’ आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला.

मी पुसले. वीस वर्षं हाच धंदा करत होतो. तेलावर टेप धरत नाही हे मला झोपेतही ठाऊक. स्पिरिट घेतलं, फडकं घेतलं, आधी डावा हात पुसला, मग उजवा. फडकं पिवळंजर्द झालं. दुसरं घेऊन पुन्हा पुसलं. तेलाचा कण राहिला नाही. हळदीची अगदी फिकी झाक तेवढी पांढऱ्या रंगावर राहिली, ती कशानंच जाणार नव्हती. त्यावर टेप लावली. उजवा पाय बसला. डावा पाय एका कडेला अधांतरी राहत होता. तिथं टेपचे थर भरले, वरून काळं सीलंट फिरवलं. बाहेरून बघितलं तर शंका यायची नाही.

भागवत चहा घेऊन आला. आईचे हात आहेत ना रं खाली? मी म्हणालो, आहेत की, त्यांच्यावरच बसवलाय, आता उन्हापावसातही जायचे नाहीत. किती गोड खोटं! त्याच्या तोंडावर समाधान दिसलं. त्यानं तिथूनच घरी फोन लावून मावशीला ते सांगितलंही. खरं सांगतो, त्या क्षणी त्यात माझा काही डाव नव्हता. पण तयार केलेलं खोटं कुठं ना कुठं उपयोगी पडतं, आणि माझं तर लगेच पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. घरची मंडळी जीपनं पुढं गेली होती. गाडीत भागवत आणि मी — दोघांचीच जागा. मागून मोटरसायकलवर अंकुश, भागवतचा धाकटा भाऊ. अंकुशचं काय सांगू? पोलीस भरतीच्या मागं होता. पहाटे शेंद्र्यापर्यंत पळत जाऊन पळत यायचा. मैदानी चाचणीची तारीख तोंडावर आली होती, आणि पळण्यात त्याचा हात धरणारं आमच्या पंचक्रोशीत कुणी नव्हतं. जीपमध्ये जागा असून तो मोटरसायकलवर आला. दादाची गाडी मागून कशी दिसती ते बघायचंय, म्हणाला.

आणि लोक हसले का? नाही हो. सिडकोच्या बसस्टँडसमोर पोरं धावत आली. कुणी फोटो काढले. एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून ‘क्या पंखा है भाई’ म्हणून दाद दिली. भागवत लाजून हसत होता आणि मला म्हणत होता, तुझंच बरोबर होतं बघ. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

शहर मागं पडलं, लासूरच्या अलीकडं रस्ता मोकळा मिळाला. उन्हाळ्याचे दिवस, डांबर तापलेलं. भागवतनं गाडी जरा सोडली. आणि माझ्या बाजूच्या आरशात मला पंखाची डावी कड दिसली. ती थरथरत होती.

इथंच थांबावंसं वाटतंय. पण थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

ती थरथरत होती आणि मला दिसत होती. भागवतनं विचारलंसुद्धा — आवाज कसला येतोय रं? मी म्हणालो, टायरचा. थांब म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. पण थांबलो असतो तर उतरून बघावं लागलं असतं, डावा पाय अधांतरी का, बोल्ट का नाहीत, सगळं निघालं असतं. दोन पायऱ्या वर बसलेला मी, रस्त्याच्या कडेला, त्याच्यापुढं उभा राहिलो असतो. म्हटलं वैजापूर कितीसं लांब आहे, पोहोचेल. आरशात पंख, पंखाच्या मागं अंकुश. तो हात वर करून मला काहीतरी खुणावत होता. मी त्यालाही हात केला, जसं सगळं ठीक आहे.

मग तो पंख गेला. आधी डावा पाय सुटला, मग सगळाच उचकटला. आरशात रिकामं आभाळ दिसलं, आणि मागून मोटरसायकल घासत गेल्याचा आवाज आला.

अंकुश वाचला. गुडघा मात्र वाचला नाही. डॉक्टरांनी होईल ते केलं; पाय राहिला, पण तो वाकत नाही. काठीसारखा सरळ आहे, आजही.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत सगळे जमले. लग्नातले नवे कपडे घातलेली माणसं. तात्या भिंतीला टेकून खाली बसले होते. भागवत आला, त्याच्या शर्टावर भावाचं रक्त होतं. त्यानं मला दोष दिला नाही. तेवढ्यात सोजरमावशीनं मान वर केली आणि विचारलं, ‘कसा काय निघाला रं त्यो, बाबा?’

तिनं नुसतं विचारलं होतं. मी सांगितलं असतं की माझं चुकलं — तर काय झालं असतं? मारलं असतं? पोलिसांत दिलं असतं? ती माणसं तसली नव्हती. दुकानाचं नाव गेलं असतं, दोस्ती गेली असती. आज मोजतो तेव्हा ते सगळं किती किरकोळ वाटतं! त्या वेळी सगळे माझ्याकडं बघत होते, आणि ते गोड खोटं हाताशीच होतं.

‘मावशी,’ मी म्हणालो, ‘हळदीत तेल होतं ना. तेलावर टेप धरत नाही.’

ती क्षणभर समजली नाही. मग समजली. तिनं आपले दोन्ही हात पदरातून काढले, उलटे केले आणि तळव्यांकडं बघितलं. रडली नाही. ओरडली नाही. हात पुन्हा पदराखाली घेतले आणि अंग आवळून बसली. भागवतनं काही म्हणू नये म्हणून मी आधीच त्याच्याकडं बघितलं. तो मान खाली घालून उभा होता. त्यानं डिकीवरची ती पिवळी झाक डोळ्यांनी बघितली होती. त्याला माझं पटलं होतं.

पुढं आठवड्याभरानं तो दुकानात आला. मला वाटलं, कळलं याला. तर तो माझीच माफी मागायला आला होता. मीच तुला पुसू नको म्हणलो, म्हणाला, तुझ्या कामाला उगा बट्टा लागला. मी त्याला चहा पाजला. याहून खाली माणूस जातो का? जातो, पुढं सांगतोच. गाडी त्यानं विकून टाकली. मेंढरांपुढं तसल्या गाडीतून कधी थांबला का, विचारू नका. त्यानंतर कितीतरी गिऱ्हाइकं त्यानं माझ्याकडं धाडली.

अंकुशच्या चाचणीची तारीख आली, त्या दिवशी तो घरात पडून होता. आता भागवतच्याच मशिनींचं डिझेल-पाणी बघतो. स्वभाव तसाच हसरा आहे. मला बघितलं की म्हणतो, सुनीलदादा, या. मी जायचं टाळतो. पण दरवेळी टाळता येत नाही.

आणि मावशी. मावशीनं त्या दिवसानंतर कशालाच हात उमटवला नाही. नवीन मशीन आली, तिनं सुनेला पुढं केलं. अंकुशचं लग्न ठरलं — उशिरा ठरलं, पायामुळं — तेव्हा हळदीला सगळ्या बायका त्याला हळद लावत होत्या आणि ही आई, सवाष्ण, लांब ओट्याच्या टोकाला बसली होती, हात पदरात. बोलावलं तर म्हणाली, गुडघा दुखतोय. अंकुश तिथूनच तिला हाक मारत होता. मी मांडवात होतो, पत्रावळ्या मोजतोय असं दाखवत होतो.

एकदा मला संधी आली होती. नाही आली असं म्हणता येणार नाही. मी दुकानासाठी व्हॅन घेतली, घरी पूजा केली. भागवत आईला घेऊन आला होता. माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नाही; तिनं हळदीचं ताट मावशीपुढं धरलं आणि म्हणाली, तुमी मोठ्या, तुमचा हात लागू द्या. मावशी मागं सरली. ‘माझ्या हाताला गुण नाय बाई,’ म्हणाली. मग माझ्याकडं वळली. अंगणात आम्ही दोघंच होतो, बायको आत गेली होती. ती म्हणाली,

‘तू त्या दिशी खरं सांगितलंस म्हणून बरं झालं, सुनीलबाबा. न्हाय तर मी आन् कुठं कुठं हात लावत फिरले असते.’

मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, चहा घ्या मावशी, गार होतोय.

गेल्या वर्षी ती गेली. तात्यांच्या आधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, हळद लावली. बाहेर आणलं तेव्हा बघितलं — दोन्ही तळवे मनगटापर्यंत पिवळे होते. किती वर्षांनी. मी त्या हातांकडं बघत उभा होतो आणि भागवतला वाटलं, मला रडू येतंय म्हणून. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू येत नव्हतं. लाज वाटत होती, आणि तीही मी झाकली.

तिरडी उचलायची वेळ आली. पुढं थोरला, त्याच्या जोडीला धाकटा, असं असतं. अंकुश पुढं आला, वाकायला गेला, पाय वाकेना. दोनदा प्रयत्न केला त्यानं. मग मागं झाला. भागवतनं चारी बाजूंना बघितलं आणि मला म्हणाला, ‘सुन्या, तू ये. तू काय परका हायेस का?’

मी गेलो. अंकुशच्या जागी मावशीला मी खांदा दिला. करमाडच्या रस्त्यानं आम्ही तिला नेलं. अंकुश मागून चालत होता. त्याच्या सरळ पायाचा मातीत घासल्याचा आवाज मला सगळा रस्ताभर येत होता. मी मागं वळून बघितलं नाही.

भागवत वाचतो. त्याच्या हाती हे पडेल, मला माहीत आहे. पडावं म्हणूनच नाव-गाव बदललेलं नाही. त्यानं काय करावं, हे सांगायचा मला हक्क नाही. आयुष्यभर मीच त्याला सांगत आलो.

टेप तेलामुळं सुटली नाही. मावशीचे हात तिच्याखाली नव्हतेच. भागवत चहा सांगायला गेला होता तेव्हा मी ते पुसले होते, दोन्ही, नीट.